कुरिअरचा भरवसा वहीत मोजायचा

गोव्यात माशेलला आमच्या घरी भिरंडाचा, म्हणजे कोकमाचा धंदा आहे. आगळ (कोकमाचा खारवलेला रस), आमसुलं, फणसपोळी आणि हंगामात काजूगर. माल बनवण्याचं वहिनी बघते, तो लोकांच्या घरी पोचवण्याचं माझ्याकडे आहे. बहुतेक गिऱ्हाइकं पुणे, मुंबई, बेळगाव, नागपूर, बंगळुरूची, काही अगदी गुवाहाटीपर्यंतची. प्रदर्शनात शेजारच्या स्टॉलवरच्या बायका हमखास विचारतात, "ताई, कुठलं कुरिअर चांगलं?" मी नाव सांगत नाही, कारण ते सांगून उपयोग होत नाही. एकच कंपनी पुण्याला तिसऱ्या दिवशी माल देते आणि नागपूरला तोच माल आठवडाभर पाडून ठेवते. एका गावातली शाखा नेटकी असते, शेजारच्या तालुक्यातली ढिसाळ. तुमचा माल, तुमचे मार्ग आणि तुमची जवळची शाखा यांचा हिशोब फक्त तुमच्याच वहीत सापडतो. ती वही कशी ठेवायची, ते इथे लिहिते.

वही ठेवायलाच हवी का, असंही काहीजणी विचारतात. हवीच. पैसे आपण घेतलेले असतात, तारीख आपण सांगितलेली असते, बाटलीवर नाव आपलं असतं. पार्सल रखडलं की फोन आपल्यालाच येतो, आणि तो आपल्यालाच यायला हवा. कायदाही विक्रेत्याला मोकळं सोडत नाही. ग्राहक संरक्षण (ई-कॉमर्स) नियम, २०२० प्रमाणे ऑनलाइन मार्केटप्लेसवर विकणाऱ्याने तक्रार ४८ तासांत नोंदवून घ्यायची असते आणि महिन्याभरात सोडवायची असते. "कुरिअरवाल्याला विचारा" हे तिथे उत्तर धरलं जात नाही.

मोजायचं मात्र झेपेल तेवढंच. आठवड्याला चार-दोन पार्सलं जात असतील तर साधी वही पुरे. रोज जात असतील तर एक्सेलची शीट करा. महागडं सॉफ्टवेअर आधीच घेऊ नका. कुठला आकडा पाहून आपण निर्णय बदलणार आहोत ते कळलं की मग त्याचा विचार करा.

वहीतल्या तारखा

एका पार्सलला एक ओळ. ऑर्डर नंबर, पिनकोड, कंपनी, एडब्ल्यूबी नंबर (पावतीवरचा, पार्सल ट्रॅक करायचा नंबर), रस्त्याने की विमानाने, वजन, मालाची किंमत. एवढं सगळेच लिहितात. उपयोगाचा भाग त्यापुढच्या पाच तारखांत आहे.

पहिली, आपण गिऱ्हाइकाला सांगितलेली तारीख. "चार-पाच दिवसांत मिळेल" असं मोघम बोललं की मोजायला काही उरत नाही. "गुरुवारपर्यंत मिळेल" असं सांगायचं आणि तेच वहीत लिहायचं.

दुसरी, पार्सल पिकअपच्या मुलाच्या हातात दिलं ती, वेळेसकट. तिसरी, ट्रॅकिंगवर पहिला स्कॅन दिसला ती. या दोन तारखा एकच आहेत असं समजून लोक एकच लिहितात, आणि गावात राहणाऱ्यांचं सगळ्यात जास्त नुकसान नेमकं तिथे होतं. समजा, शनिवारी संध्याकाळी मुलगा माल घेऊन गेला. रात्री तो शाखेत उतरला, रविवारी सुट्टी, सोमवारी दुपारी स्कॅन झाला आणि गुरुवारी पुण्यात पोचला. कंपनी सोमवारपासून मोजते, म्हणून तिच्या अहवालात पार्सल तीन दिवसांत, म्हणजे वेळेत. पुण्याच्या काकूंना आपण शनिवारीच "पाठवलं हं" असा निरोप दिलेला असतो, त्यांच्या हिशोबाने पाच दिवस झाले. कंपनीकडे तक्रार केली तर ती आपला अहवाल पुढे करते, आणि तो खोटा नसतो. त्यामुळे हातात दिल्यापासून स्कॅनपर्यंतचं अंतर वेगळं लिहा. ते वारंवार एक दिवसाच्या वर जात असेल तर दोष लांबच्या प्रवासात नाही, घराजवळच्या शाखेत आहे. त्याला उपायही सोपे आहेत. पार्सल दुपारी गाडी निघायच्या आधी स्वतः शाखेत नेऊन द्या, समोर स्कॅन करून घ्या, आणि शनिवारी संध्याकाळचा पिकअप बंद करा. मी आगळाचा माल सोमवार ते गुरुवार एवढ्याच दिवसांत काढते. रविवारी गोदामात उभी राहणारी बाटली मला नको असते.

चौथी, घरपोच देण्याचा पहिला प्रयत्न झाला ती. पाचवी, माल हातात पडल्याचं गिऱ्हाइकाने स्वतः सांगितलं ती. ट्रॅकिंगवरचा "डिलिव्हर्ड" हा शेरा पाचव्या रकान्यात उतरवू नका. पार्सल वॉचमनकडे असतं, शेजाऱ्यांकडे असतं, कधी दुसऱ्याच विंगमध्ये असतं. शेरा दिसला की मी व्हॉट्सअ‍ॅपवर दोनच प्रश्न पाठवते, "पार्सल हातात मिळालं का? बाटल्या कोरड्या होत्या का?" लोक आनंदाने उत्तर देतात, पुष्कळदा फोटोसकट. उत्तर नाही आलं तर रकाना रिकामा ठेवायचा, अंदाजाने भरायचा नाही.

उशीर कुणामुळे

उशीर झालेल्या प्रत्येक ओळीपुढे मी एक अक्षर लिहिते. 'आ' म्हणजे आमच्यामुळे: ऑर्डर उशिरा बांधली, पिनकोड चुकला. 'ग' म्हणजे गिऱ्हाइकामुळे: घरी नव्हते, फोन बंद होता. 'क' म्हणजे कंपनीमुळे. 'प' म्हणजे पाऊस, दरड, बंद, कुणाच्याच हातात नसलेलं कारण. हे अक्षर प्रामाणिकपणे लिहायला हवं. सगळ्या ओळींवर 'क' लिहिणारी वही स्वतःच्या समाधानापुरती असते.

'ग' लिहिण्यापूर्वी खातरजमा करा. "ग्राहक उपलब्ध नाही", "फोन उचलला नाही", "ग्राहकाने तारीख पुढे मागितली" हे शेरे संध्याकाळी उशिरा धडाधड येताना दिसतात. त्याच संध्याकाळी गिऱ्हाइकाला फोन करून विचारा. "मी दिवसभर घरीच होते, कुणी आलंच नाही" असं उत्तर आलं की त्या ओळीवर 'क' लागतो आणि शेजारी 'खोटा प्रयत्न' असं लिहायचं. दुसऱ्या दिवशी चौकशी केली तर लोकांना नीट आठवत नाही, आणि तोवर पार्सल परतीच्या वाटेला लागण्याची भीती असते. हा संध्याकाळचा एक फोन माझ्या सगळ्या पद्धतीत सगळ्यात जास्त उपयोगी पडतो.

हे मोजताना त्या मुलावर राग धरू नका. भर पावसात पाठीवर ओझं घेऊन तो दारोदार फिरतो, दिवसाच्या हाताबाहेरची पार्सलं त्याच्यावर लादलेली असतात आणि खोटा शेरा मारल्याशिवाय त्याचा दिवस बंद होत नाही. मोजायची ती कंपनीची व्यवस्था. मुलाचं नाव मी वहीत लिहीत नाही आणि तक्रारीतही घालत नाही.

'प' या अक्षराबद्दल माझं मत थोडं वेगळं आहे. गोव्यातून घाटावर चढायला अनमोड, चोर्ला किंवा सिंधुदुर्गातून आंबोली असे मोजके रस्ते आहेत. दरड आली की गाड्या वळवाव्या लागतात. पावसाळ्यात कोकण रेल्वेसुद्धा वेगळ्या वेळापत्रकाने, कमी वेगात चालते. २०२४च्या जुलैत पेडण्याच्या बोगद्यात पाणी शिरलं तेव्हा गाड्या रद्द कराव्या लागल्या, वळवाव्या लागल्या. याचा दोष कंपनीला देणं अन्यायाचं आहे. म्हणून कंपनीचे गुण काढताना 'प'च्या ओळी बाजूला ठेवा. पण गिऱ्हाइकाला तारीख सांगताना त्या पुन्हा मोजा. दरडीमुळे थांबलेल्या माणसालाही तेवढेच दिवस थांबावं लागतं. जून ते सप्टेंबरचा हिशोब वेगळ्या पानावर असेल तर पुढच्या पावसाळ्यात पुण्याला तीन दिवस सांगायचे की पाच, हे त्या पानावरून ठरवता येतं.

हिशोब

महिनाअखेरीला प्रत्येक मार्गाचा हिशोब करायचा. मार्ग म्हणजे पिनकोडचे पहिले तीन आकडे. आपल्या गोव्याचे सगळे पिनकोड ४०३ने सुरू होतात, मुंबईचे ४००ने, पुणे शहराचे ४११ने. या तीन आकड्यांनुसार ओळी लावल्या की आपोआप गट पडतात.

सरासरीवर विसंबू नका. समजा एका कंपनीने दहापैकी नऊ पार्सलं तिसऱ्या दिवशी दिली आणि एक बाराव्या. दुसरीने दहाही चौथ्या दिवशी दिली. पहिलीची सरासरी ३.९ दिवस, दुसरीची ४. सरासरी पाहून निवडलं तर पहिली जिंकते. पण आपण पाच दिवसांचा शब्द दिला असेल तर पहिलीने तो दहापैकी एकदा मोडला, दुसरीने एकदाही नाही. बाराव्या दिवशी पोचलेलं ते पार्सल कुणाच्या तरी डोहाळजेवणाचं असतं. मी दुसरी कंपनी घेते. म्हणून दोन आकडे काढा: सांगितलेल्या तारखेला किंवा आधी पोचलेली शंभरात किती, आणि सगळ्यात उशिरा पोचलेल्याला किती दिवस लागले.

टक्केवारी काढताना भागायचं ते पाठवलेल्या सगळ्या पार्सलांच्या संख्येने. हरवलेलं, परत आलेलं, अजून वाटेत अडकलेलं, सगळं त्यात आलं पाहिजे. पोचलेल्यांपैकी वेळेवर किती, असा हिशोब केला तर जी कंपनी जास्त पार्सलं हरवते तिचेच गुण चांगले दिसतील.

आणि थोड्या ओळींवरून निकाल लावू नका. एका मार्गावर वीस पार्सलं गेली आणि त्यातलं एक उशिरा पोचलं तर ९५ टक्के, दोन पोचली तर ९०. एका पार्सलाने पाच टक्के हलतात. तीसेक ओळी जमेपर्यंत नुसतं बघत राहायचं. फार थोडा माल जाणाऱ्या मार्गाची टक्केवारी काढूच नका, प्रत्येक पार्सलाची कहाणी वाचा.

स्वस्त दराचा हिशोबही इथेच लागतो. समजा एक कंपनी पार्सलमागे ७० रुपये घेते, दुसरी ८५. शंभर पार्सलं पाठवली तर पहिलीचे ७,००० झाले. तिच्याकडून आठ परत आली, परतीचे प्रत्येकी ६० म्हणजे ४८०. चार फुटली, माल प्रत्येकी ४५०चा, म्हणजे १,८००. एकूण ९,२८०, आणि धड पोचली ८८, म्हणजे धड पोचलेल्या पार्सलाला साधारण १०५ रुपये. दुसरीचे ८,५००, तीन परत आली त्यांचे २२५, एक फुटलं त्याचे ४५०. एकूण ९,१७५ आणि धड पोचली ९६, म्हणजे साधारण ९६ रुपये. हे आकडे समजण्यापुरते घेतले आहेत, तुमचे तुम्ही घाला. कॅश ऑन डिलिव्हरी करत असाल तर आणखी एक गोष्टही बघा, गिऱ्हाइकाने दिलेले पैसे आपल्या खात्यात किती दिवसांनी जमा होतात. आगळ करायला भिरंडं रोखीने घ्यावी लागतात, तेव्हा अडकलेली महिन्याची वसुली जड जाते.

वजनावरून होणारी कुरबुर थोडक्यात. कंपन्या खोक्याच्या आकारावरूनही वजन काढतात: लांबी, रुंदी, उंची सेंटीमीटरमध्ये गुणून बहुधा ५,०००ने भागतात. ३० बाय २५ बाय २० चं खोकं म्हणजे ३ किलो, आत एक किलो फणसपोळी असली तरी. भागायचा आकडा करारात वाचून घ्या. खोकं मापाचंच घ्या आणि काट्यावर ठेवलेल्या पार्सलाचा फोटो काढून ठेवा. बिलात वजन वाढवून आलं तर तो फोटो कामाला येतो.

फुटलेली बाटली आणि भरपाई

आगळ फार अवघड माल आहे. मीठ आणि आंबट रस, झाकण जरा सैल असलं की झिरपतो आणि जांभळा डाग आपल्या खोक्यापुरता राहत नाही, शेजारच्या पार्सलांनाही लागतो. म्हणून कंपनीवर 'क' लिहिण्याआधी आपली बांधणी पक्की असली पाहिजे. प्रत्येक बाटली झाकण लावून रात्रभर कागदावर आडवी ठेवायची. सकाळी कागद कोरडा असेल तरच ती बाटली जाईल. मग झाकणावर टेप, बाटलीला स्वतंत्र प्लास्टिक पिशवी, मध्ये जाड पुठ्ठा, बाहेर वरची बाजू दाखवणारा बाण. खोकं बंद करून जोरात हलवायचं. आत काही हललं तर पुन्हा बांधायचं. एवढं करूनही एखाद्या मार्गावर गळती होत राहिली तर त्या मार्गावर पार्सलं आपटली जातात, असं ठामपणे म्हणता येतं. पातळ माल विमानाने पाठवायच्या भानगडीत पडू नका, रस्त्यानेच पाठवा आणि बुकिंग करताना आत काय आहे ते खरं लिहा. खोटं वर्णन लिहिलेल्या पार्सलाची भरपाई मागायला तोंड राहत नाही.

भरपाईचा कायदा धंदेवाल्यांनी माहीत करून घ्यायलाच हवा. रस्ते वाहतुकीचा 'कॅरेज बाय रोड' कायदा २००७ सालचा आहे, आणि वाहतूकदाराच्या व्याख्येत त्याने घरपोच सेवा देणाऱ्या कुरिअर एजन्सींनाही धरलं आहे. बुकिंगच्या वेळी मालाची जास्त किंमत जाहीर केलेली नसेल तर नियमांप्रमाणे जबाबदारी भाड्याच्या दहापटीपुरती मर्यादित होते. ८० रुपये भाडं असेल तर ८०० रुपये. दोन हजारांचा काजूगर त्यात बसत नाही. म्हणून महाग मालाची किंमत जाहीर करा, जादा आकार पडला तरी चालेल, किंवा विमा घ्या. कोर्टात जायची वेळ आली तर बुकिंगच्या तारखेपासून १८० दिवसांच्या आत लेखी नोटीस दिलेली असावी लागते. फोनवरची बोलाचाली नोटीस ठरत नाही. कंपनीच्या स्वतःच्या अटींत तक्रारीची मुदत याहून फार कमी असते, काहींची दोन-चार दिवसांचीच. ती बारीक अक्षरं एकदा बसून वाचा आणि मुदत वहीच्या पुठ्ठ्यावर लिहा.

ठोक माल पाठवणाऱ्यांना आणखी एक. खेपेची किंमत ५०,००० रुपयांच्या वर गेली की ई-वे बिल, म्हणजे माल नेण्यासाठीचं जीएसटीचं ऑनलाइन बिल लागतं. चांगल्या काजूगराच्या थोड्याच पेट्यांत तो आकडा गाठला जातो. बिलाची मुदत दर २०० किलोमीटरला एक दिवस. पुण्याचं अंतर साडेचारशे धरलं तर तीन दिवस. ट्रान्सपोर्टवाल्याची गाडी गोदामात उभी राहिली तर बिल वाटेतच संपतं, आणि मुदतवाढ मागता येते ती संपण्याच्या आधीच्या आणि नंतरच्या आठ तासांतच. ट्रान्सपोर्टच्या पानावर हा एक जास्तीचा रकाना ठेवा.

आकडे हातात आल्यावर

लगेच कंपनी बदलू नका. आधी शाखेत जा, सकाळची गाडी लागलेली असताना नव्हे, दुपारी माणसं मोकळी असताना. "तुमची सर्व्हिस खराब आहे" असं म्हटलं की पुढचं बोलणं वायफळ होतं. उशिरा गेलेल्या पार्सलांचे एडब्ल्यूबी नंबर, दिल्याची तारीख, स्कॅनची तारीख असा एक कागद समोर ठेवा. नंबर बघितले की शाखेतला माणूस स्वतःच सांगतो की बेळगावची गाडी अमुक वाजता सुटते, त्याआधी माल आला तर त्याच दिवशी जाईल. अशा एका बोलण्यात पुष्कळ उशीर मिटतो. मिटला नाही तर तोच कागद ईमेलने वर पाठवा आणि महिनाभर वाट बघा.

तरीही आकडे हलले नाहीत तर फक्त तो मार्ग काढून घ्या. दोन कंपन्यांशी खातं नेहमी चालू ठेवा आणि मार्ग वाटून द्या. एकीकडे पुणे-मुंबई, दुसरीकडे बंगळुरू. नव्या कंपनीला पहिल्याच दिवशी सगळा मार्ग देऊ नका, थोडी थोडी पार्सलं देऊन तिचं पान भरू द्या. पोस्टाला विसरू नका. देशभर दीड लाखाहून जास्त टपाल कार्यालयं आहेत, आणि खाजगी कंपन्या ज्या खेड्याला सेवा नाही म्हणून सांगतात तिथे स्पीड पोस्ट जातं. २०२५पासून रजिस्टर्ड पोस्टही स्पीड पोस्टातच मिळवलं आहे. आमसुलं, फणसपोळी असा कोरडा माल त्याने बिनधास्त पाठवावा. पोस्टाचंही वहीत पान ठेवायचं, सरकारी म्हणून सूट नाही.

सणांचं पान आधी भरा. चवथीला, म्हणजे गणेश चतुर्थीला गोव्यात बाजार बंद, पिकअपची मुलं आपापल्या घरी, माटोळी (गणपतीवर टांगायची फळाफुलांची सजावट) बांधण्यात. ते त्यांच्या हक्काचे दिवस आहेत. त्यामुळे चवथीआधी शेवटचं पार्सल कुठल्या तारखेला निघेल ते आठवडाभर आधी गिऱ्हाइकांना कळवा. दिवाळीत उलट असतं, इथून माल सुटतो पण मोठ्या शहरांच्या गोदामांत ढीग लागतात. गेल्या दिवाळीच्या पानावर सगळ्यात उशिरा पोचलेलं पार्सल शोधा आणि यंदाची शेवटची तारीख त्यावरून ठरवा.

बाहेरून येणाऱ्या मालाचंही असंच एक पान असू द्या. बाटल्या, झाकणं, पाऊच, खोकी आपल्याला दुसरीकडून मागवावी लागतात, आणि तो उशीर कुणी मोजत नाही. झाकणं आणि बाटल्या वेगळ्या व्यापाऱ्यांकडून येत असतील तर ओळी वेगळ्या लिहा. भिरंडं एप्रिल-मेमध्ये पिकतात आणि आपल्यासाठी थांबत नाहीत. ज्याच्या झाकणांना गेल्या वर्षी दोन आठवडे लागले, त्याची ऑर्डर यंदा मार्चच्या सुरुवातीलाच द्या.